सळ्यांना हात लावू नका

एकोणीसशे पन्नासच्या दशकात कधीतरी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मी चोवीस लोखंडी सळ्या ठोकल्या, आणि दोन पावसाळे उलटले तरी त्यातली एकही तसूभर हलली नाही. ही माझी पहिली शास्त्रीय कामगिरी. तिची आठवण निघाली की अजून माझं डोकं फिरतं. मुळात मी चिडका, त्यात हे.

मी भूरूपशास्त्राचा विद्यार्थी होतो. म्हणजे जमीन वर उचलली कशी जाते, झिजते कशी आणि लाखो वर्षांत डोंगर, खाड्या, किनारे असे का होतात, याचा अभ्यास. आमच्यात लाख वर्षं म्हणजे काल-परवा. आमच्या सरांचं मत असं, की भूगर्भातल्या हालचालींनी हा किनारा कधीकाळी उचलला गेला आणि तेव्हापासून घट्ट बसला आहे. भरतीच्या रेषेपासून पुरुषभर उंचीवर मातीत शिंपले सापडतात, तेव्हा उचलला गेला हे खरंच. घट्ट बसलाय का, ते मी सिद्ध करायचं होतं.

आधी मी हरिहरेश्वरच्या काळ्या खडकांवर सहा महिने काढले. तिथे माझ्या चपलांखेरीज काही झिजेना. मग उत्तरेला आलो, किहीमला एका नारळाच्या वाडीत खोली घेतली आणि सायकलच्या टप्प्यातल्या एका कोळीवाड्याची दरड निवडली. तांबडी माती आणि शिंपल्यांची वाळू यांचा दोन पुरुष उंच कडा, खाली वाळूची पुळण. कड्यावर अगदी काठाला एकच घर, एका म्हातारीचं. नवरा समुद्रात बुडालेला, मूलबाळ नाही. सगळे तिला बय म्हणत, म्हणून मीही बय म्हणू लागलो. ती मला मास्तर म्हणायची. वही दिसली की मास्तर.

काम सोपं होतं. हातभर सळी दरडीत आडवी ठोकायची, तोंड मातीला लागून. माती झिजली की सळी बाहेर डोकावते. किती डोकावली ते मोजायचं. शेंबडं पोरही करील असं काम, म्हणूनच ते मला दिलं असावं.

दर महिन्याच्या एक तारखेला मी जाऊन मोजत असे. शून्य. पहिल्या पावसाळ्यात शून्य, दुसऱ्यात शून्य. पुळणीवर मातीचे ढीग पडलेले मी डोळ्यांनी बघत होतो आणि वहीत शून्य लिहीत होतो. शिकलेला माणूस किती आंधळा होऊ शकतो बघा! सर मात्र खूश. त्यांनी परिषदेत निबंध वाचला.

त्याच सुमारास बयने सरकारकडे अर्ज केला. घर समुद्रात जातंय, वरच्या अंगाची रस्त्याकडेची पडीक जागा मला द्या. खाली अंगठा. कचेरीने तज्ज्ञाचं मत मागवलं. तज्ज्ञ मी. मी ऐटीत लिहून दिलं, ‘सदर भूभाग स्थिर आहे.’ अर्ज निकाली निघाला. वर मी जाऊन बयला सांगितलंही, "घाबरू नकोस बय, तुझं घर लाख वर्षं हलत नाही."

"लाख नको रं मास्तर," ती म्हणाली. "मी मरंपरेंत ऱ्हायला तरी पुरं."

पुढच्या आषाढात एकदा मी तारखेच्या आधीच गेलो. ओहोटी होती. दरडीखाली बय उकिडवी बसली होती, हातात वरवंटा, आणि माझी सात नंबरची सळी ठोकून ठोकून आत घालत होती.

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. तिने शेवटचा ठोका घातला आणि मग वळून पाहिलं.

"तू म्हयन्यातना येकदा येतस. सल्या तं सारख्या भायेर येतान. कोनी नको बसवाला?"

"कधीपासून ठोकतेस?"

"तू ठोकल्यास तवापासना. मी येकलीच न्हाय, सगलेच ठोकतान."

मग उलगडा झाला. खाडीच्या तोंडाशी कोळी जाळं लावतात ते तळाशी रोवलेल्या खुंटांना बांधून. भरती-ओहोटीच्या ओढीने खुंट सैल होतात. सैल खुंट दिसला की तो कोणाचा हे विचारायचं नाही, ठोकायचा आणि पुढे जायचं, ही तिथली रीत. शेजाऱ्याशी बोलणं बंद असलं तरी त्याचा खुंट ठोकायचा. आता हा मास्तर, बिचारा शहरातला, त्याच्या सळ्या सैल होतात आणि तो महिनाभर फिरकत नाही. म्हणून होडीवरून उतरणारा प्रत्येक जण दोन वर्षं माझी लाज राखत होता.

"मग ठोकत होतीस तर अर्ज कशाला केलास?" मी विचारलं.

"अर्ज केला, सल्या ठोकल्या, पालीच्या गनपतीला नारल बोलले. येकाव कोन भरवसा ठेवतंय? पन सल्या आत हायेत तवर जमीन हाय."

हेच तर मी कचेरीला लिहून दिलं होतं, फक्त छापील भाषेत.

दुसऱ्याच दिवशी कचेरी गाठली. म्हटलं, माझा दाखला चुकीचा आहे, हा घ्या दुसरा. कारकुनाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"यातले तज्ज्ञ कोणते?" त्याने विचारलं. "जमीन स्थिर आहे हे सळ्यांनी ठरलं. नाही म्हणायचं तर त्याच सळ्यांनी म्हणा. वर्षभराच्या नोंदी आणा."

मी सांगितलं, बय लग्न होऊन आली तेव्हा मागल्या दारी दोन जाळी वाळत, आता टोपली ठेवायला जागा नाही. "ते ऐकीव," तो म्हणाला. मी टेबलावर हात आपटला. त्याने दौत उचलून बाजूला ठेवली, एवढंच झालं.

कोळीवाड्यात जाऊन मी हात जोडले. वर्षभर सळ्यांना हात लावू नका. पुरुषांनी मान डोलावली, पण बुडत्याला हात देऊ नका असं मी सांगतोय असे त्यांचे चेहरे. बयने मात्र नीट विचारून घेतलं.

"म्हंजे भायेर येतील त्या बगत बसाचं?"

"हो."

"मंग जागा मिलंल?"

"मिळेल," मी म्हणालो. छातीवर हात ठेवून म्हणालो.

तिने शब्द पाळला. वरवंटा शेजारणीकडे ठेवायला दिला, मोह नको म्हणून. वाटण वाटायचं तर उठून शेजारी जायची. सळ्या दोन बोटं बाहेर आल्या, मग चार, मग वीतभर. खोटं कशाला सांगू, मला आनंद व्हायचा. मी खाली उभा राहून आकडे लिहायचो आणि ती वर मागल्या दारात उभी राहून माझं तोंड बघायची.

वर्ष भरत आलं आणि आषाढी अमावास्येच्या उधाणाला तिची मागली भिंत चुलीसकट खाली गेली. चार दिवसांत बाकीचं घर गेलं. बय बहिणीकडे गेली होती म्हणून वाचली. चोवीसच्या चोवीस सळ्या पुळणीवर पडल्या होत्या. मी वही घेऊन कचेरीत धावलो. कारकुनाने पानं उलटली आणि म्हणाला, आता कसं शास्त्रशुद्ध झालं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. ‘अर्जदाराचे घर जागेवर अस्तित्वात नसल्याने ते हलविण्याचा प्रश्न उद्भवत नाही.’

तो कागद घेऊन मी बयकडे गेलो. बहिणीच्या ओटीवर ती सुके बोंबील निवडत बसली होती. मी वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं, तिला वाटलं मधली ओळ राहिली. पुन्हा वाचलं.

"तू सांगितलंस म्हनून हात लावला न्हाय," ती म्हणाली. "न्हायतर ठोकल्या असत्या मी."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. सळ्या ठोकून दरड थांबत नाही हे मला ठाऊक होतं. त्याच वहीवर पुढे मला पदवी मिळाली, सरांनीही मत बदललं. पण त्या ओटीवर माझ्या तोंडून ते निघेना.

"हो बय," मी म्हणालो. "ठोकल्या असत्यास तर घर राहिलं असतं."