मोती आणि मीठ लावलेलं कातडं

पासष्टच्या उन्हाळ्यात आमच्या सेक्शनला खांडबारा आणि नवापूरच्या मधल्या एका रेल्वे पुलावर पहारा लागला. कच्छकडे सरहद्द तापली होती, सुरतेची लाइन सांभाळायची होती. मी खानदेशातलाच. पोरं चिडवायची, "माहेरी ड्यूटी लागली रे तुला!" काम ठरलेलं : पहाटे-संध्याकाळी बंदूक घेऊन स्टँड-टू, गस्त, वायरलेसवर "ऑल ओके". दुपारी सागाच्या जंगलात पानसुद्धा हलत नसे.

मोती नावाचा एक गावठी कुत्रा आम्हाला येऊन चिकटला होता. त्याचा लळा सगळ्यांत जास्त सदाशिवला. सदा खानदेशातल्याच रनाळे गावचा, माझा जिवाभावाचा दोस्त. मोती भुंकला की तिथे माणूस निघायचाच. म्हणून त्या दुपारी आमची पाचावर धारण बसली.

मोती पुलाच्या तोंडाशी उभा होता. रिकाम्या रुळांकडे बघून गुरगुरत होता, अंग थरथरत होतं. हवालदारसाहेबांनी पलीकडच्या संत्रीला विचारलं, "कोण दिसतंय?"

"कोणी नाही, साहेब."

"पुलाखाली?"

"कोणी नाही."

मोती गोल गोल फिरायला लागला. मग दगडी भिंतीला डोकं लावून उभाच राहिला. सदाने त्याच्या डोळ्यांपुढे हात हलवला, पापणी लवली नाही. खरं सांगतो, पुढे लढाईत भ्यालो नाही इतका त्या रिकाम्या पुलाला भ्यालो.

"कुत्र्याला विष घातलंय कुणीतरी. म्हणजे पुलावर डोळा आहे. मॅगझीन चढवा," हवालदार म्हणाले. "आणि याला मिठाचं पाणी पाजा, ओकेल."

विषावर तेवढाच उपाय आम्हाला ठाऊक. सदाने जबडा उघडला, मी पेला तोंडाशी नेला.

इतक्यात गावातले सुकदेवआप्पा कूकहाउसमागून ओरडत आले. आदल्या दिवशी बकरा आम्ही त्यांच्याकडूनच घेतला होता. त्याचं कातडं त्यांनी मीठ चोळून तिथेच वाळत घातलं होतं.

"मन्हं कातडं कोन्ही खादं? कितलं मीठ लायेल व्हतं मी!"

सदाने माझ्या हातातला पेला उडवला. हवालदारांनी लगेच गाडी दिली.

नवापूरच्या गुरांच्या डॉक्टरांनी शिरेतून बाटली लावली आणि आम्हाला झापलं. "मीठच भिनलंय याच्या अंगात. वर ते पाणी पोटात गेलं असतं तर संपलाच होता. आता तहान लागली म्हणून बादली पुढे करू नका, मेंदू सुजेल. साधं पाणी, घोट घोट. आणि असं काही खाल्लं की झटके यायची वाट बघू नका, तडक इकडे आणा."

सदाने पुढचे दोन दिवस ओंजळीने पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी मोतीने शेपूट हलवलं. सदा, वेडा, ढसाढसा रडला.

सप्टेंबरात आमची पलटण पुढे गेली. सदा परत आला नाही. तो पडला तेव्हा मी त्याच्याजवळ नव्हतो, याचं दुःख आजही आहे.

सुट्टीवर आलो तेव्हा रनाळ्याला गेलो. त्याच्या आईने विचारलं, "तू त्याना संगे व्हता. काहीतरी सांग." लढाईतलं सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. मी ही पुलावरची हकिगत सांगितली. माउलीने सगळं ऐकून घेतलं. डोळे पुसले नाहीत.

"कुत्रा वाचना का?"

"वाचला, माय."

"बरं जयं," ती म्हणाली.