सुरूच्या फांदीवर बारा नेलपॉलिश

सात डिसेंबर, रविवार. जमा रक्कम अकराशे रुपये. हजर: समोरच्या क्वार्टरमधल्या नर्स मॅडम, आमच्या ओळीतल्या नऊ बायका, माझी बायको आणि मी. जागा आमचा व्हरांडा.

मी होतो तो पैसे मोजायला. ओळीत कोणतीही वर्गणी निघाली की मोजायला मला बोलावतात. मॅडमचं धरून अकरा क्वार्टर आहेत आणि वर्गणी घरामागे शंभर. त्या पैशांतून नर्स मॅडम नागपूरहून नेलपॉलिशचा एक सेट आणतात. तो नाताळापुरताच बाजारात येतो. पारदर्शक प्लास्टिकचे बारा गोळे, प्रत्येकाला टांगायला सोनेरी दोरी आणि आत करंगळीएवढी बाटली.

मॅडम मूळच्या छत्तीसगडच्या, ख्रिश्चन. त्या अंगणात रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरतात, त्यात सुरूची फांदी उभी करतात आणि तिला हे गोळे टांगतात. पंचवीस तारखेला दुपारी बायका जमतात. वयाने मोठी असेल तिने आधी, असा एकेकीने गोळा काढायचा. मग सतरंजीवर गोल बसायचं आणि आपल्या उजवीकडच्या बाईची नखं रंगवायची. स्वतःची स्वतः रंगवायची नाहीत. बारावा गोळा फांदीच्या शेंड्याला राहतो. तो कोणाचाच नसतो.

या वर्षी आमच्या घरात दोन बायका होत्या. माझी धाकटी बहीण ऑगस्टपासून आमच्याकडे आहे. तिचं सासर सिहोऱ्याकडचं. भाताची रोवणी संपता संपता तिचा नवरा गेला. बांधावर बसला, तो उठलाच नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्यात बांगड्या फोडायची पद्धत नाही, आणि कोणी फोडल्याही नाहीत. आमच्याकडे आल्यावर तिने त्या स्वतःच काढल्या आणि फळीवर मिठाच्या बरणीमागे ठेवल्या. तेव्हापासून ती पुढच्या दाराने बाहेर पडली नव्हती. कपडे वाळत घालायला मागचं दार, कचरा टाकायला मागचं दार. मी सकाळी फॅक्टरीच्या बसने जायचो, संध्याकाळी यायचो. ती पाणी द्यायची, मी प्यायचो. या चार महिन्यांतलं मला याहून जास्त सांगता येत नाही.

पैसे मोजून झाल्यावर बायको म्हणाली, "आमच्या घरी या साली दोघी आहोत."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "घरामागे एकच असते ना वहिनी. आन् तिले कायले तरास देता? तिचं मन कुठं लागून राहिलं आता!"

काकूंनी ते मायेनेच म्हटलं होतं. आत पडद्यामागे बहीण तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. मी नोटा दुसऱ्यांदा मोजल्या. अकराच होत्या.

त्या सगळ्या गेल्यावर बायको मला म्हणाली, "या साली ती बायांमध्ये नाही बसली, तर पुढच्या साली तिले कोणी बोलावणारबी नाही. मागच्या दाराचीच होऊन जाईल ते." मी हो म्हटलं. पुढे काय करायचं ते मला सुचलं नाही, तिलाही नाही.

पंचवीसला फॅक्टरीला सुट्टी होती. थंडी होती, ऊन चांगलं होतं. मॅडमच्या अंगणात बायका जमल्या. बायकोने निघताना बहिणीला हाक मारली. आतून उत्तर आलं, "तुम्ही जा वहिनी, डाळ चुलीवर हाये." आमच्याकडे चूल नाही, गॅस आहे. बायको एकटीच गेली.

एकेकीने गोळे काढले. काकू म्हणाल्या, "मले लाल नको बाप्पा. मागच्या साली आमचा बुढा म्हणे, बकरं कापून आली का!" बायका हसल्या. मी भिंतीजवळ केकची बशी घेऊन उभा होतो. मॅडमनी गोल बसलेल्या बायकांकडे पाहिलं, मग आमच्या दाराकडे पाहिलं. स्टुलावर चढून त्यांनी शेंड्याचा गोळा काढला आणि माझ्या हातात दिला. "भाऊ, ये दीदी को दे दो. शिल्लकच आहे."

मी तो घरात नेला. बहीण ओट्याजवळ उभी होती. डाळ कधीची शिजली होती.

"हे काय होय, भाऊ?"

"शेंड्यावरचा. मॅडमनं देला."

"उरला म्हणून?"

"हो."

तिने गोळा उजेडाकडे धरला. आत जांभळाच्या रंगाची बाटली होती.

"एक केवढ्याले पडला?"

"घरामागे शंभर घेतले."

"ते मले माहीत हाये. दोन खेपा मोजले तुम्ही. मी एकाचं विचारून राहिली."

"अकराशे भागिले बारा. एक्याण्णव रुपये सदुसष्ट पैसे."

"मंग शंभरच धरा." तिने पेटी उघडली, साड्यांच्या खालून एक नोट काढली आणि गोळा मला परत दिला. "हा नेऊन होता तिथं टांगा. मी येऊन काढीन."

मी तो नेऊन शेंड्याला टांगला. थोड्या वेळाने आमचं पुढचं दार वाजलं. ती केस विंचरून आली होती, पायात बायकोच्या चपला होत्या. सरळ मॅडमसमोर गेली आणि नोट पुढे केली.

"नहीं बेटा, ये तो बचा हुआ था."

"बचलेलं नको, मॅडम. माझी वर्गणी घ्या."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घ्या."

त्यांनी नोट घेतली. बहीण वयाने सगळ्यांत लहान, म्हणून तिची पाळी शेवटचीच होती. तिने हात वर करून गोळा काढला. सतरंजीवर माझी बायको आणि काकू यांच्यामध्ये जागा झाली. काकू तिच्या उजवीकडे आल्या. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "नीट लावजो माय. रोवणी नको करू नखावर."

"रोवणी सरळ लाइनीतच असते, काकू," बहीण म्हणाली. ती हसली नाही. बाटली उघडून तिने काकूंच्या अंगठ्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या बाजूने बायको तिचा डावा हात धरून बसली होती.

मला बरं वाटलं असं इथे लिहायला हवं. तसं काही वाटल्याचं आठवत नाही. फरशी गार होती आणि हातातला केक संपत नव्हता, एवढं आठवतं.

घरी आल्यावर मी हिशेब मांडला. जमा बाराशे, खर्च अकराशे, म्हणजे बारा जणींना प्रत्येकी आठ रुपये तेहेतीस पैसे परत जायला हवे होते. बायको म्हणाली, "आता आठ आठ रुपये वाटत फिरू नका. लोकं हसतील." बहीण ताटं वाढत होती. तिच्या नखांवरचा रंग अजून ओला होता, म्हणून पळी ती तळव्यात धरत होती. ती म्हणाली, "राहू द्या मॅडमपाशी. पुढच्या सालच्यात माझे धरा."

तेव्हा शेवटचा व्यवहार असा: पंचवीस डिसेंबर, शंभर रुपये, माझ्या बहिणीने दिले, नर्स मॅडमना पोचले.