सासऱ्यांना शार्क सांगितला त्याची गोष्ट

चहा उकळेपर्यंत मीच सांगून टाकतो. नाहीतर आमची ही सांगेल, आणि तिच्या सांगण्यात मी आणखी मोठा गाढव ठरतो!

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी नगरजवळ भिंगारच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. कर्जतकडे पावसाने पाठ फिरवलेली. तिकडे माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणायचो, ही आबा, एकटेच राहत. सासूबाई आधीच गेलेल्या, विहिरीने तळ दाखवलेला, बैलजोडी जनावरांच्या छावणीत. हिने हट्टाने त्यांना आमच्या दोन खोल्यांत आणलं.

मामा दारातल्या बाजेवर बसायचे. सकाळी बसले की दिवेलागणीला तसेच. दोन घास खायचे आणि गप्प व्हायचे.

“अहो, आबांशी काहीतरी बोला ना,” ही म्हणाली. “शाळेत दिवसभर बोलता, घरातलं एक माणूस बोलतं करता येईना?”

बोला? मला? उताराला लागलेल्या गाडीला कुणी धक्का देतं का हो?

मी बाजेशेजारी बसलो आणि थेट शार्क काढला. “मामा, समुद्रात शार्क नावाचा मासा असतो. त्याला क्षणभर थांबता येत नाही. पोहत राहिला तरच कल्ल्यांतून पाणी वाहतं, श्वास चालतो. थांबला की गुदमरून तळाला! म्हणतात ना, थांबला तो संपला!”

मामांनी समुद्र पाहिलेला नव्हता. खरं सांगू? मीही नव्हता. पण पुस्तकात होतं, आणि पुस्तकातलं सांगताना माझा आवाज चढतो.

मामांनी मान वर केली. “नुसतं पडून ऱ्हायला तर मरतो?”

“मरतो!”

“झोपंत बी पवतो?”

“झोपेतसुद्धा!”

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग उठले, वहाणा घातल्या आणि चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी केडगावला जाऊन आले. पायी! घरी आले की अंगण झाडायचे. अंगण झालं की शेजाऱ्यांचं. चहा पिताना येरझाऱ्या, भाकरी उभ्या उभ्या. मी शाळेत छाती फुगवून सांगत सुटलो की बघा, विज्ञानाने माणूस उभा केला!

उभा केला खरा, पण तो खाली बसेना. पाय सुजले. ही रोज संध्याकाळी तेल घेऊन त्यांच्या मागे फिरायची.

“आबा, बसा की हो जरा.”

“न्हाई गं बाई. मास्तर उगा सांगत न्हाईत.”

मी म्हणालो, “मामा, ते माशाचं होतं.”

“कळलं की मला,” मामा म्हणाले आणि केरसुणी उचलली.

त्या दिवशी हिने मला स्वयंपाकघरात गाठलं. डोळ्यांत पाणी होतं. “आई गेली. आता हे एवढेच उरलेत मला. यांना काही झालं ना, तर त्या माशासकट तुम्हाला घराबाहेर काढीन!”

काय करावं? तेवढ्यात वसंता नगरला सुट्टीवर आला. वसंता माझा कॉलेजातला मित्र. तो दूर बेटांवर जाऊन शार्कांवरच संशोधन करत होता. देव पावला! म्हटलं, हाच मामांना समजावेल. पण मी मास्तर ना! घरी बोलावून गुपचूप निस्तरायचं, तर मी शाळेत त्याचं व्याख्यान ठेवलं. मुलं, पालक, हेडमास्तर, सगळे आले. ही आली. मामा भिंतीला टेकून, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभे.

मी प्रस्तावना ठोकली. “जो कधीच थांबत नाही, अशा माशाबद्दल आता ऐकू या!”

वसंता हसला. “काही शार्कांचं ते खरं आहे. पण मी ज्यांच्या मागे आहे, ते प्रवाळाच्या खडकांत राहणारे. ते दिवसभर कपारीत वाळूवर निवांत पडून असतात. मी डोळ्यांना काच लावून, श्वास रोखून खाली जातो आणि बघत राहतो. अंधार पडला की ते शिकारीला निघतात.”

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मामांनी विचारलं, “मग त्येचा दम कसा चालतो?”

“तोंडानं, आबा. पडल्या पडल्या तोंड उघडतो, मिटतो. पाणी कल्ल्यांवर ढकलतो. बाकी अंग हलत नाही.”

“आन् कुठल्या बी कपारीत पडतो?”

“नाही. पुष्कळदा ठरलेल्याच. फिरून फिरून तिथंच परत येतो.”

मामा हळूच जमिनीवर बसले. कितीतरी दिवसांनी बसले हो! बसल्या बसल्या हिला म्हणाले, “पोरी, मला माज्या कपारीत नेऊन सोड.”

हिने विचारलं, “आबा, मग एवढे दिवस चालत का होता?”

मामा खाली बघून बोलले. “लेकीच्या घरी बापानं बसून खावं व्हय? तेच मनाला लागलं हुतं. त्यात मास्तर म्हनले, पडून ऱ्हायला त्यो मेला. मला वाटलं, जावई माशाआडून मलाच बोलत्यात.”

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. जगातले एवढे प्राणी सोडून मी लेकीच्या दारात संकोचून बसलेल्या माणसाला हा मासा सांगितला! त्यांना गोष्ट नको होती, त्यांना त्यांचं घर हवं होतं. आणि ते जावयाला कसं सांगणार?

पुढच्याच रविवारी एस.टी.ने आम्ही त्यांना गावी पोचवलं. भाकरीची आणि पाण्याची सोय शेजारच्या पुतण्याकडे झाली. मामांनी स्वतःची बाज लिंबाखाली ओढली, आडवे झाले आणि पाय लांब सोडले. त्यांच्या तोंडावर हसू बघून मला फार बरं वाटलं.

मी पायथ्याशी बसलो. माफी मागायला सुरुवात केली. मग गैरसमज कसा होतो ते सांगितलं, मग माशाचे कल्ले कसे असतात ते, मग पुस्तकं कशी चुकतात ते...

मामांनी एक डोळा उघडला.

“मास्तर, तुमच्या दोस्ताचं खरं हाय. अंग जरा बी न हलवता, नुसतं तोंड हलवून जगता येतं. त्यो बेटावर कशाला गेला वो बघायला? तुमच्या घरी यायचं की!”