दादाचा मुक्काम

वहिनीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "तुमचे दादा गेले," एवढंच ती बोलली. पहाटे मेंदूत रक्तस्राव झाला होता. महिना होत आला, तरी दारात मोटारसायकल थांबली की मी हातातलं टाकून बघायला जाते.

मधुकरदादा माझा थोरला भाऊ. चितेगावच्या कारखान्यात लेथवर उभं आयुष्य काढलं, राहायला शहरात. मला बिडकीनला दिलेलं. सुट्टीच्या दिवशी यायचा, पोरांना खाऊ आणायचा, माझ्या सासऱ्यांशी राजकारणावरून तावातावानं भांडायचा, पोटभर जेवायचा आणि दिवस कलला की गाडीला किक मारायचा. जयंतीची मिरवणूक असो नाहीतर बारसं, एक रात्र म्हणून राहिला नाही. "घर जवळच तर हाय," हे ठरलेलं उत्तर. आमच्याकडे तेव्हा दहा माणसं आणि एक संडास. सासरचे म्हणायचे, तुझ्या भावाला आमचं घर पसंत नाही. माझ्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या रात्रीही तो निघाला, सख्खा मामा असून. सासूबाई सगळ्या पाहुण्यांदेखत बोलल्या, "लई मोठा माणूस हाय बाबा, आमच्या गादीवर झोप कशी लागंल?" मी मान खाली घालून पुऱ्या लाटत राहिले.

मागच्या वर्षी मी न कळवता त्याच्या घरी गेले. दादा पलंगावर उताणा, पोटावर आणि पाठीखाली चिकट पट्ट्या, त्यांच्या वायरी एका छोट्या यंत्रात गेलेल्या. हार्टचंच काहीतरी म्हणून मी दारातच रडायला लागले. दादानं घाईघाईनं चादर ओढून घेतली. वहिनी मात्र पदर तोंडाला लावून हसत होती. सांगा की आता बहिणीला, असं म्हणून ती चहा टाकायला गेली.

दादा छताकडे बघत बोलला. "पोट साफ व्हायचा लई जुना तरास हाय मला, सुमे. सकाळी तास तास बसावं लागतं, तरी होतंच असं नाय. तुझ्या घरी पोरांना शाळेची घाई, माणसांना कामाची. मी आत अन् सगळं घर बाहेर खोळंबलेलं... सासरी तुझी मान खाली गेली असती."

माझी मान खाली जाऊ नये म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं निघून जात होता. त्याला बदडावं की जवळ घ्यावं, मला कळेना.

औषधं, इसबगोल, व्यायाम सगळं झाल्यावर डॉक्टरांनी या यंत्रातून पोटाला सौम्य करंट द्यायचा, असं सुचवलं होतं. त्यानं आतड्यांना चालना मिळते म्हणे. सगळ्यांना लागू पडतोच असं नाही, हेही आधीच सांगितलेलं. पोटावर मुंग्या फिरल्यासारखं वाटतं, बाकी काही नाही, असं दादा म्हणायचा. काही जादू झाली नाही, पण दोन-तीन महिन्यांत कुंथणं कमी झालं, वेळही निम्म्यावर आला.

आणि एका शनिवारी तो पिशवी घेऊन आमच्याकडे आला. पिशवीत लुंगी, टूथब्रश आणि ते यंत्र. पुढच्या खोलीतला पलंग त्यानं स्वतःच ओढत प्लगजवळ नेला. रात्री पट्ट्या लावून पडल्या पडल्या सासूबाईंना त्यानं सगळं सांगून टाकलं. त्या हळूच म्हणाल्या, "मलाबी तेच हाय की रे. सांगायचं कुणाला?" पुढं दोघं कितीतरी वेळ पोटाच्याच गोष्टी करत होते.

सकाळी चहा झाल्यावर दादा निघेल म्हणून मी डबा भरायला घेतला. तो म्हणाला, "आजचा दिस राहू का गं?" मी डबा ठेवला आणि पीठ वाढवून मळलं.

त्यानंतर तो दर महिन्याला मुक्कामाला यायचा. पलंग अजून प्लगजवळच आहे. येता-जाता सगळ्यांचे गुडघे आपटतात, म्हणून परवा मुलगा तो मूळ जागी सरकवायला लागला. सासूबाईंनी काठी आडवी धरली. "राहू दे," त्या म्हणाल्या. "मधुकरची जागा हाय ती."