नारळाचं दूध आणि यांचं हृदय

यांना हृदयाचा झटका आला ती एकोणीसशे नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही इस्राएलमध्ये, डिमोनात राहायचो आणि हे कारखान्यात कामाला होते. एका दुपारी कामावरून आले आणि जिना चढताना मध्येच पायरीवर बसले. बेर्शेबाच्या इस्पितळात ठेवलं, वाचले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, रोज चाला, सिगारेट सोडा आणि जनावराची चरबी बंद करा. लोणी, चीज, मटणाची चरबी, कोंबडीचं कातडं, काही नको.

‘जनावराची चरबी’ एवढंच मी लक्षात ठेवलं. आमच्या ज्यू धर्मात मांस आणि दूध एका जेवणात खात नाहीत. म्हणून आमच्या कोकणातल्या घरी मटणाच्या कालवणात दही किंवा तूप कधी पडलं नाही, नारळाचं दूध पडलं. जे मांसात मोडत नाही आणि दुधातही मोडत नाही, त्याला इथे पार्वे म्हणतात. फळं, भाज्या, तेल, सगळं पार्वे. ते कशाबरोबरही चालतं. त्यामुळे नारळात काही वाईट असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. यांच्याही नाही.

“अगं, नारळ झाडाला लागतो,” हे म्हणाले. “झाडाला कुठली आलीय चरबी?”

मग आम्ही अगदी नेमानं वागलो. पावावर लोणी बंद, त्याऐवजी मार्गरीन, कारण पाकिटावर पार्वे लिहिलेलं. कोंबडीचं कातडं मी सोलून टाकायची. चव कमी झाली म्हणून नारळाचं दूध वाढवलं, तेही पहिलं, दाट.

काही महिन्यांनी रक्त तपासलं तर चरबी वाढलेली. दवाखान्यानं आम्हाला आहार सांगणाऱ्या बाईंकडे पाठवलं. माझं परक्या माणसासमोर तोंड उघडत नाही, हिब्रूत तर नाहीच नाही. मुलगी तेव्हा सैन्यात होती, सुट्टीवर आली होती. तिला बरोबर घेतलं.

बाईंनी विचारलं, दिवसभरात काय खाता?

“काही नाही. गवत,” हे म्हणाले.

मुलीनं ते सोडून बाकीचं सगळं सांगितलं. नारळाचं दूध किती, असं बाईंनी विचारल्यावर तिनं दोन्ही हातांनी बादलीएवढा आकार दाखवला.

“अगं, तू कोणाच्या बाजूची?” हे तिला मराठीत म्हणाले.

“तुमच्याच, अबा. म्हणून तर सांगते.”

बाई बराच वेळ समजावत होत्या. मुलीचं मराठी तोकडं, तिनं मला थोडक्यात सांगितलं. “आई, चरबी जनावराची की झाडाची, एवढंच बघायचं नाही. जी बाहेर ठेवली तरी गोठते, ती रक्तात वाईट चरबी वाढवते. जी पातळ राहते, जैतुनाचं तेल, तीळ, बदाम, मासे, ती हृदयाला बरी. नारळ झाडाचा, पण गोठणारा. आणि मार्गरीन म्हणजे चांगलं पातळ तेल, कारखान्यात घट्ट केलेलं.”

मला डोक्याला लावायच्या खोबरेल तेलाची बाटली आठवली. इकडे येण्याआधी आम्ही मुंबईत होतो, तिथे ते तेल पातळच असायचं. डिमोनाच्या थंडीत मात्र मेणासारखं पांढरं व्हायचं. मी बाटली खिडकीत उन्हात ठेवायची, नाही वितळलं तर काडीनं उकरून काढायची. इतके हिवाळे ते डोळ्यांनी पाहिलं, पण तेच आपण कालवणात ओततो हे कधी सुचलं नाही.

मी धीर करून माझ्या मोडक्या हिब्रूत विचारलं, “पण ते पार्वे आहे ना?”

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “पार्वे आहेच. पण पार्वे म्हणजे हलकं, असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

खरंच, कोणीच सांगितलं नव्हतं. आम्हीच दोघांनी ते ठरवून टाकलं होतं.

परतताना आम्ही बसनं आलो. उतरल्यावर हे म्हणाले, “लोणी गेलं, सिगारेट गेली. आता शब्बाथची कोंबडीही गेली, तर वाचून करायचं काय?”

ही थट्टा नव्हती. पुढच्या शुक्रवारी, शब्बाथ लागायच्या संध्याकाळी, मी टोमॅटोत कोंबडी शिजवली. यांनी भाकरीवर आशीर्वाद म्हटला, दोन घास घेतले आणि ताट सारलं. त्यानंतरच्या शुक्रवारीही तेच. अंग उतरत चाललं, फिरायला जाणं सुटलं. रक्ताच्या तपासणीपेक्षा मला त्या भरल्या ताटाची जास्त भीती वाटू लागली. कधी वाटायचं, घालावं नारळाचं दूध, निदान जेवतील तरी.

बाईंनी तीळ म्हटलं होतं, ते डोक्यात घोळत होतं. माझी आई वांग्याच्या कालवणात तीळ भाजून वाटून घालायची. इथे तर तिळाचं वाटण, तहिना, कुठल्याही दुकानात तयार मिळतं, आणि तेही पार्वे. पहिल्या वेळी मी ते उकळत्या रश्शात ओतलं, तर त्याचा घट्ट गोळा झाला. सगळं फुकट गेलं. दुसऱ्या वेळी आधी पाण्यात पातळ केलं, बेतानं घेतलं, भांडं उतरवल्यावर घातलं आणि लिंबू पिळलं. रंग अगदी नारळाच्या कालवणासारखा आला. मी कोणाला काही बोलले नाही.

यांनी एक घास खाल्ला. “ही कोंबडी कोकणातली नाही.”

“मग कुठली?” पुन्हा सुट्टीवर आलेल्या मुलीनं विचारलं.

“असेल कोकणातलीच, पण विमानातून उतरल्यावर वाट चुकली.”

मुलगी हसत सुटली. मी खाली मान घालून बसले होते. हे जेवत राहिले, पावानं रस्सा पुसून घेतला.

“नारळाची सर नाही,” हे म्हणाले.

“नाहीच,” मी म्हटलं.

“वाढ थोडं.”

पुढचं रक्त बरं आलं. गोळ्यांनी, पुन्हा सुरू झालेल्या चालण्यानं, की तिळानं, ते मला सांगता येणार नाही. बाई म्हणाल्या, सगळ्यांनी मिळून. आमच्या ज्यू नव्या वर्षाचा हलवा तेवढा मी नारळाच्या दुधात करायची, आणि यांना लहान तुकडा द्यायची. त्याला बाईंची हरकत नव्हती.

मांस कशाबरोबर चालतं आणि कशाबरोबर नाही, हे मला आईनं चुलीपाशी शिकवलं. ते मी कधी मोडलं नाही. पण ते देवासाठी होतं. शरीराचे नियम वेगळे असतात, आणि ते कोणाला तरी विचारावे लागतात, हे मला फार उशिरा कळलं. विचारायला लाज वाटते, तेवढ्यात माणूस जायची वेळ येते.

हे त्यानंतर कितीतरी वर्षं माझ्यासमोर बसून जेवले. तहिनाच्या कालवणाला चांगलं असं एकदाही म्हणाले नाहीत. पाहुणे आले की सांगायचे, “आमच्याकडे कोंबडी हृदयाला विचारून शिजते.” मग हसायचे आणि आधी स्वतःच्या ताटात वाढून घ्यायचे.