आमचं कुलदैवत चुकलं

वाडीतली विहीर मचूळ झाली, आणि त्यापायी आमच्यावर कुलदैवत बदलायची वेळ आली.

आमचं गाव एडवणच्या थोडं अलीकडे, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. त्या विहिरीच्या पाण्यावर माझा चुलतभाऊ पानवेल आणि केळी करतो. मी बोईसरला एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, म्हणून घरात पाण्याचं काही बिनसलं की बाटली माझ्याकडे येते. एका मे महिन्यात भाऊ अशीच बाटली घेऊन माझ्या फ्लॅटवर आला.

"ताई, जरा चाखून बघ."

आम्ही चाखत नसतो. मी ते तपासलं. पाण्यात क्षार बेसुमार वाढले होते. पानवेलीची पानं कडेनं का जळतायत ते मला कळलं आणि मी त्याला स्वच्छ अक्षरात लिहून दिलं, 'समुद्राचं पाणी झिरपलं आहे. ही विहीर पुन्हा गोडी होणार नाही.' खाली सही केली. दुसरं वाक्य त्यानं मागितलं नव्हतं. ते मी स्वतःहून दिलं.

असं उत्तर घेऊन कोण घरी जाईल? भाऊ पालघरला एका गुरुजींकडे गेला. गुरुजींनी पाण्याबद्दल काही विचारलंच नाही. "कुलदैवत कोणतं?" म्हणाले. भावानं घाटावरच्या देवीचं नाव सांगितलं. गुरुजींनी थोडा वेळ डोळे मिटले.

"चुकताय तुम्ही. तुमचं कूळ सुरतेकडून आलंय. देवी तिकडची. तिचं करायचं राहून गेलंय."

भावानं घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा माझे काका, म्हणजे त्याचे वडील, पाटावरून जेवण अर्धं टाकून उठले. काका तारापूरला यंत्रांच्या देखभालीत आयुष्य काढून निवृत्त झालेले. तपासल्याशिवाय साधा नटदेखील घट्ट आहे असं मानायचं नाही, ही त्यांची शिस्त. तिथल्या कॉलनीत त्यांच्या घरातल्या घड्याळाची वेळ रेडिओशी रोज जुळवली जायची. घाटावरच्या देवीबद्दल मात्र त्यांनी कधी काही तपासलं नव्हतं, कारण ती आमची होती आणि आमच्या देवीला तपासायचं कसलं?

"ह्या गुरुजीला आपल्या कुळाचं काय माहीत?" काका ओरडले. "तीन पिढ्या आपण घाटावर जातोय. तिथल्या पुजाऱ्याकडे नोंदी आहेत. चला, वहीच दाखवतो."

मला हे फोनवर कळलं आणि मी त्या सहलीसाठी आनंदानं रजा टाकली. आमच्या घरात नास्तिक माणसाची एकच जागा आहे आणि ती कॉलेजपासून माझ्याकडे आहे. सणावारी सगळे जेवून सुस्तावले की कुणीतरी मला डिवचतं आणि मी विचारते, "तुमचं चुकलं असेल, असं तुम्हाला कधी वाटतच नाही का?" मग काका चिडतात, काकू विषय बदलते आणि सगळ्यांना बरं वाटतं. आता खुद्द आस्तिकांमध्येच खटला उभा राहिला होता.

खरं म्हणजे कुलदैवत बदलणं ही गोष्ट इतकी अवघड असेल, असं मला वाटलं नव्हतं. माझं एका दुपारीत बदललं. लग्न लागलं, सासरचं आडनाव आलं आणि सासूबाईंनी सांगितलं, आजपासून तुझी देवी ही. कुणी अश्रू ढाळले नाहीत. माझ्या आत्याचं तर दोनदा बदललं. तिला दातिवऱ्याला दिली, तिथं तिनं सासरच्या देवाचं केलं. नवरा लवकर गेला, ती माहेरी परतली आणि पुन्हा घाटावरच्या देवीची झाली. घरातल्या बायकांना जे आयुष्यात एकदा-दोनदा गपचूप करायला लावलं जातं, ते पुरुषांवर आलं तर घर हादरतं.

तर आम्ही निघालो. काका, काकू, भाऊ, वहिनी, मी आणि ऐंशीच्या घरातली आत्या. काका पुढच्या सीटवर ताठ बसले होते. त्यांच्या मांडीवर फाइल होती, कोरी, पुरावे ठेवायला. मनोरला चहा प्यायलो तेव्हाही त्यांनी ती खाली ठेवली नाही.

देवळात पुजाऱ्यांनी लाल कापडात बांधलेली वही काढली. ते अंगठा ओला करून पानं मागे मागे उलटत गेले. काकांची नोंद सापडली. माझ्या वडिलांची सापडली. आजोबांची सापडली. काका आमच्याकडे वळून विजयानं पाहू लागले.

"त्याच्या मागचं बघा," ते म्हणाले. "ह्यांचे पणजोबा."

पुजारी बराच वेळ शोधत राहिले. मग आजोबांच्या नोंदीवर परत आले आणि मोठ्यानं वाचलं, "'प्रथमच आगमन. सोबत गावचे शेजारी व त्यांचे कुटुंब.' हे शेजारी आमचे जुने. त्यांच्या सात पिढ्या आहेत इथे. तुमचं मात्र ह्या नोंदीपासूनच सुरू होतं."

सभामंडपात एक बाई लेकराला घंटा वाजवायला उचलून धरत होती, ते लेकरू थांबेना. तेवढ्यात आत्या खांबाला टेकून बसल्या बसल्या म्हणाली, "तो ट्रकचा परसंग."

"कसला ट्रक?" काकांनी विचारलं.

"शेजाऱ्यांनी देवीला जायला ट्रक केलेला. आयत्या टायमाला त्यांची सून बाळंतीन झाली, चार मानसांची जागा रिकामी पडली. बाबा बोलले, चला, घाट तरी बघून येऊ. मी आईच्या मांडीवर होती. आमी परत आलो नि वर्साच्या आत तुजा जनम झाला. चार पोरींवर पोरगा. मंग बाबा बोलले, हीच आपली देवी."

म्हणजे आमच्या कुलदैवताचा पुरावा म्हणून जी गोष्ट होती, ती फाइल हातात घेऊन आमच्यासमोर उभी होती.

"अक्का," काका अगदी हळू म्हणाले, "एवढी वर्षं तू बोलली का नाहीस?"

"मला कोनी इचारला? तुमी सगळे एवढे खात्रीनं बोलायचे. मला वाटला तुमाला ठाव आसंल."

परतीच्या वाटेवर घाट उतरताच काका बोलायला लागले ते थांबेनात. पहिल्यांदा, आधीची वही वाळवीनं खाल्ली असणार. मग, शेजाऱ्यांचं आणि आपलं कूळ मुळात एकच असणार. ज्यांच्याशी आमची सोयरीकसुद्धा होत नाही, त्या शेजाऱ्यांना काकांनी शहापूरच्या आसपास भाऊबंद करून टाकलं. पण मनोर येईपर्यंत त्यांना सगळ्यात पक्कं उत्तर सापडलं.

"ती जागा रिकामी कुणी केली? सांगा ना. ऐन वेळी बाळंतपण कुणी आणलं? तिनंच! तिला आपण हवे होतो."

जो पुरावा देवीच्या विरुद्ध निघाला होता, तोच बारीक काम करून काकांनी देवीच्या बाजूला बसवला होता. शेवटी देखभालीचाच माणूस.

पुढच्या महिन्यात भाऊ आणि वहिनी सुरतेकडच्या देवीला जाऊन आले. मी गेले नव्हते, पण भावानं येऊन सगळं रंगवून सांगितलं. तिथं वही वगैरे नाही, काउंटरवर कॉम्प्युटर आहे. त्यानं आडनाव सांगितलं, माणसानं दोन बटणं दाबली आणि म्हणाला, "मिल गया! आप तो हमारे ही हो." त्यांच्या मागे रांगेत उत्तरेकडचं एक कुटुंब होतं, बोईसरच्याच एका कारखान्यातलं. त्यांचंही लगेच मिळालं. त्यांच्या मागच्यांचंही.

"सगळ्यांचं मिळतं?" मी विचारलं.

"एकदम फास्ट सिस्टीम आहे, ताई," भाऊ कौतुकानं म्हणाला.

आणि मग, त्या पावसाळ्यानंतर, विहीर गोडी झाली.

दिवाळीला मी गावी गेले तेव्हा पानवेलीला नवी पानं आली होती, रुंद, तुकतुकीत. मला वाटलं, पावसाचं पाणी वर तरंगत असेल, उन्हाळ्यात पुन्हा बिघडेल. पण चैत्र गेला, वैशाख गेला, विहीर गोडीच राहिली. भावानं सुरतेकडच्या देवीला साडी नेली. काकांनी हसून सांगितलं की घाटावर त्या दिवशी आपण गुपचूप नवस बोललो होतो, आणि घाटावरच्या देवीला खण पाठवला. वाडीत भावानं बांधलेल्या नव्या घराच्या वास्तुशांतीचं कार्ड छापायची वेळ आली तेव्हा बाप-लेकांत दोन दिवस अबोला होता. शेवटी वर फक्त 'कुलदेवता प्रसन्न' असं छापलं. नाव नाही. देवी मोघम राहिली आणि घरात शांतता झाली.

त्या वास्तुशांतीच्या सकाळी आत्यानं मला विहिरीवर बोलावलं. तांब्या भरून हातात दिला.

"पी."

मी प्यायले. चांगलं होतं.

"तू लिवून दिलेला ना, ही परत गोडी होनार नाय म्हनून?"

"हो, पण आत्या, ते पाणी मे महिन्यातलं होतं. एकाच बाटलीवरून सांगता येत नाही. आणि बाटली कुठली होती, धुतली होती की नाही, देव जाणे. शिवाय पलीकडच्या वाडीतला मोठा पंप बंद झालाय म्हणतात, त्यामुळे खालचा दाब बदलला असेल. आणि पाऊसही गेल्या वर्षी जास्त झाला. तसं बघितलं तर मी लिहिलेलं त्या वेळच्या परिस्थितीत बरोबरच होतं."

आत्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग तांब्या माझ्या हातातून घेतला.

"तुजा काका आसाच बोलतो," म्हणाली.

मला राग आला. खरंच आला, कान तापले. मी म्हणणार होते की ह्यात फरक आहे, आमच्याकडे पद्धत असते, आम्ही चूक सुधारतो. आणि म्हणता म्हणता लक्षात आलं की पद्धत असती तर मी चार महिन्यांच्या चार बाटल्या मागवल्या असत्या. एका बाटलीवर मी 'कधीच नाही' असं लिहून सही ठोकली होती, कारण घरात कधीच न चुकणारी अशी माझी ख्याती होती आणि ती मला आवडत होती. वर्षभर मी विहिरीचं नवं पाणी तपासलंही नव्हतं. निकाल काय येईल ते मला आवडणार नव्हतं.

रागाच्या भरातच मी तिला विचारलं, "आणि तुझं काय? तुझं चुकलं असेल असं वाटतं तुला?"

"चुकला आसंल की," आत्या लगेच म्हणाली. तिनं विचारही केला नाही. "घाटावरची आपली नाय, हे तर मला लहानपनापासून ठाव हाय. सुरतेची तरी कशावरनं? नि कोनतीच नसंल, तर तसा पन आसंल. मी काय बघून आली?"

"मग हात कशाला जोडतेस?"

"तू सकाळी त्या शेजारच्या म्हाताऱ्याला राम राम घातला. तो भयरा हाय. त्याला आयकू येतो का नाय, ते बघून घातला?"

ह्याला मी काहीतरी उत्तर दिलं, ते आता आठवत नाही. चांगलं नसणार. दुपारी पंगत उठल्यावर मी भावाकडून तो जुना कागद मागून घेतला, दुसऱ्या वाक्यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'माझा अंदाज चुकला. विहीर का सुधारली, ते मला माहीत नाही.' काकांनी तो वाचला, चष्मा काढला आणि अतिशय प्रेमानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"शेवटी मानलंस ना देवीला?"

"मी देवीचं नावही लिहिलेलं नाही, काका."

"कार्डावर तरी कुठे लिहिलंय?" काका म्हणाले आणि वाढप्यांना ओरडायला निघून गेले.

त्या हिवाळ्यात आत्यानं मला म्हटलं की घाटावर एकदा नेऊन आण, आपण दोघीच जाऊ, फाइलवाला नको. मी गाडी काढली. तिनं वाडीतली पानं ओल्या फडक्यात गुंडाळून घेतली होती. देवळात गर्दी नव्हती. पुजारी तेच होते, पण त्यांनी आम्हाला ओळखलं नाही.

"कुलदैवत का तुमचं?" त्यांनी सवयीनं विचारलं.

"नाय," आत्या म्हणाली. "आमी पाहुने."

पुजाऱ्यांना ह्याचं काय करावं ते कळेना. ते बाजूला झाले. आत्यानं पानं ठेवली, हात जोडले आणि शेजारणीशी बोलावं तशा आवाजात बोलली, "वळख नव्हती, तरी एवढी वर्सं येऊ दिलास." मी तिच्या मागे उभी होते. मी हात जोडले नाहीत, पण बाहेर जाऊन थांबावंसंही वाटलं नाही. तिचा तोल जाईल म्हणून तिचा दंड धरून ठेवला होता.

पायऱ्या उतरताना मी विचारलं, "काय मागितलंस?"

"काय नाय," ती म्हणाली. "तुजी वळख करून दिली. बोलली, ही भाची, पानी तपासते." मग चपला शोधायला लागली, आणि चपला सापडल्यावर म्हणाली की आता कुठेतरी चांगला वडा खाऊ.