खाल्ल्या घरावर गोल

ब्राझीलचे फुटबॉलमधले आघाडीवीर वाल्दिर पोर्तुगाल, मेक्सिको आणि अमेरिकेतल्या अनेक संघांतून खेळत १९८३ साली न्यू जर्सीत आमच्या शेजारी राहायला आले. आमची मुले त्यांना वाल्दिरकाका म्हणत. ज्या संघाचे अन्न खाल्ले, त्याच्यावर गोल केल्यास आनंद साजरा करायचा नाही, असा त्यांचा नेम होता. प्रेक्षकांना मात्र प्रत्येक गोलनंतर ब्राझीलचा नाच हवा असे. संघाच्या मालकाने बजावले होते, ‘नाचला नाहीस तर पुढच्या वर्षी करार नाही.’

त्या शनिवारी त्यांनी आपल्या जुन्याच संघावर गोल केला आणि मान खाली घालून ते मागे वळले. त्या संघाचा गोलरक्षक स्टॅन त्यांचा जुना मित्र. तोच ओरडला, ‘अरे गाढवा, नाच! नोकरी जाईल!’

‘तुझ्या घरी वर्षभर जेवलोय, स्टॅन.’

करार गेला. निष्ठा ही एका जागी राहणाऱ्यांचीच मिरास, असे आपण मानतो; या भटक्या माणसाने ती प्रत्येक मुक्कामी जोडली होती.

पुढच्या रविवारी त्यांनी स्टॅनला आणि आम्हाला जेवायला बोलावले. ताट संपवून स्टॅन म्हणाला, ‘आता मी तुझं अन्न खाल्लंय, फिट्टंफाट झाली. आता तरी नाच!’

वाल्दिर मनसोक्त हसले आणि टेबलाभोवती नाचू लागले.